चार बैल आणि एक चढण

चैत्र लागला की मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि हवेलीचा उत्तरेकडचा भाग या टापूतल्या गावांना यात्रेचे वेध लागतात. आणि भोसरी, मोशी, चऱ्होली, चिखली, चाकण ही जी गावे गेल्या साठ-सत्तर वर्षांत कारखान्यांच्या आणि सदनिकांच्या गर्दीत वेढली गेली, तीही याला अपवाद नाहीत. ग्रामदैवत बहुधा भैरवनाथ, कुठे खंडोबा, कुठे म्हातोबा, मोशीस नागेश्वर. पहाटेचा अभिषेक, आंब्या-जांभळीच्या फांद्या वाजतगाजत देवळाकडे आणण्याचे मांडवडहाळे, शेरणीचे वाटप, हारतुरे, रात्रीचा छबिना, तमाशा, दुसऱ्या दिवशीचा कुस्त्यांचा आखाडा, असा हा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. या क्रमातल्या बहुतेक गोष्टी महाराष्ट्रात अन्यत्रही आढळतात आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. मला ज्या एका गोष्टीने ओढून घेतले ती म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. आणि त्या शर्यतीतही, ती ज्या जागेवर होते त्या जागेचे नाव. ती जागा म्हणजे काही शेकडे फूट लांबीची, दोन्ही अंगांना बांध घातलेली आणि आरंभापासून अखेरपर्यंत चढत गेलेली एक मातीची वाट असते. गाडा ती बारा-तेरा सेकंदांत संपवतो. या एवढ्याशा वाटेला तिथला कोणीही मनुष्य मैदान म्हणत नाही, माळ म्हणत नाही, पट म्हणत नाही. तिला तो 'घाट' म्हणतो. बोरघाट, नाणेघाट, कुसूरघाट हे ज्या शब्दाने ओळखावे, त्याच शब्दाने गावाशेजारची ही चढण ओळखावी, आणि जो गाडा सर्वांत कमी वेळात ती चढून जाईल त्याला 'घाटाचा राजा' म्हणावे, ही गोष्ट आपण इतक्या सहज ऐकतो की तिच्यात काही विचारण्यासारखे आहे हेच ध्यानात येत नाही.

विचारण्यासारखे काय आहे ते समजण्यासाठी प्रथम गाड्याची रचना पाहिली पाहिजे. या टापूतल्या शर्यतीचा गाडा म्हणजे दोन चाके, आख, दांडी आणि जू, एवढाच सांगाडा. त्यावर माल नसतो आणि, परक्या प्रेक्षकाला सर्वांत नवल वाटते ते याचे, की त्यावर गाडीवानही नसतो. पण त्याला बैल मात्र चार असतात. गाड्याजवळच्या जोडीला 'जुकाट' म्हणतात, तिच्यापुढे आणखी एक जोडी असते तिला 'कांडं', आणि या चौघांच्याही पुढे एक घोडी धावत असते, जिच्यावरचा स्वार हाच काय तो या सगळ्या प्रकरणात बसलेला मनुष्य. कोणता बैल जुकाटाला चांगला आणि कोणता कांड्याला, यावर गावच्या पारावर रात्रीच्या रात्री वाद चालतात आणि बैलाची किंमतही त्यावरून ठरते. निवेदकाने 'भिर्रर्र' अशी आरोळी दिली की बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटते, आणि आपण श्वास घेऊन सोडेपर्यंत संपते.

आता शेजारच्या मुलखांकडे पाहावे. विदर्भात शर्यतीला 'शंकरपट' म्हणतात. तळेगाव दशासरचा पट प्रसिद्धच आहे. तिथे वाट सपाट, बैल दोन आणि गाडीवर हाकणारा. सातारा-सांगलीकडे माळावर छकडे पळतात. तिथेही बैल दोन आणि गाडीवान एक. अलिबागेकडे ओहोटीच्या वेळी समुद्राच्या ओल्या वाळूत गाड्या धावतात. तिथे सपाटीखेरीज दुसरे काही संभवतच नाही. दक्षिण कर्नाटकाच्या किनारपट्टीत तर चिखलाच्या शेतात रेडे धावतात आणि त्याला कंबळ म्हणतात. म्हणजे जनावर धावडवून देवापुढे चढाओढ करण्याची हौस सार्वत्रिक आहे; पण चढण, पुढची जादा जोडी आणि 'घाट' हे नाव, या तीन गोष्टी एकत्र आढळतात त्या केवळ सह्याद्रीच्या या पूर्वेकडच्या पायथ्याशी, बोरघाटापासून माळशेजपर्यंतच्या पट्ट्यात. तीन असाधारण गोष्टी एकाच ठिकाणी एकत्र सापडाव्यात आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नसावा, हे मला पटत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: यात्रेतला गाडा हा घाट चढणाऱ्या मालवाहू गाडीचा वंशज आहे. भरलेली गाडी खड्या चढणीवर एका जोडीला आवरत नाही. तेव्हा पुढे दुसरी जोडी जुंपावी लागते आणि माथा गाठला की ती सोडून पुन्हा खाली आणावी लागते. आजही लोणावळ्याकडे जाणाऱ्या आगगाडीला कर्जतेस जादा इंजिने लावतात आणि माथ्यावर ती सुटतात, तत्त्व तेच. ही जी पुढची जोडी, जिचे प्रयोजन चढणीवरच असते आणि सपाटीवर नसते, तीच आपल्या शर्यतीतले कांडे. रिकाम्या सांगाड्याला चार बैलांची गरज नाही. सवय राहिली, प्रयोजन गेले, असे मी मानतो.

या मताला बळकटी देणारी एक गोष्ट खुद्द वाहनाच्या नावात आहे. मराठीत 'गाडी' आणि 'गाडा' यांत जो फरक आहे तो केवळ लिंगाचा नाही. गाडा म्हणजे ओझ्याचे, जड, मोठे वाहन. संसाराचा गाडा आपण ओढतो, संसाराची गाडी ओढत नाही. साताऱ्याकडच्या शर्यतीच्या वाहनाला छकडा, म्हणजे हलकी लहान गाडी, हे यथार्थ नाव आहे. मग आमच्या टापूत, जिथे शर्यतीचे वाहन सर्वांत हलके, तिथेच त्याला ओझ्याच्या वाहनाचे नाव का असावे? 'बारा गाड्या ओढणे' हा देवापुढचा विधी आणि 'देवाचा गाडा' हे बोलणे पुढे करून कोणी म्हणेल की देवाच्या सन्निध आले की गाडीचा गाडा होतोच. पण जिथे भगत बारा गाड्या ओढतो तिथे त्या 'गाड्या'च असतात, 'गाडे' नव्हेत. तेव्हा हा आक्षेप माझ्या मते उलट आक्षेपकावरच येतो.

आता 'घाट' या शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मताचा खरा कस तिथेच लागतो. हा शब्द मराठीत निदान चार अर्थांनी नांदतो. नदीकाठच्या बांधीव पायऱ्या. डोंगरातली उतरण-चढणीची वाट. वस्तूचा आकार, जसे सुबक घाटाचे भांडे. आणि एखाद्या कार्याची योजना, जसे लग्नाचा घाट घालणे. यांतले शेवटचे दोन अर्थ संस्कृतातील 'घट्' या धातूशी, म्हणजे आपल्या 'घडणे' या क्रियेशी, सरळ जुळतात. पहिले दोन 'घट्ट' या संस्कृत शब्दाकडे जातात, ज्याचा अर्थ नदीचा उतार किंवा धक्का. शर्यतीच्या घाटाचा उगम या चारांपैकी कशात आहे, याविषयी तीन मते संभवतात, आणि तिन्ही मी मनापासून तपासून पाहिली आहेत.

पहिले मत असे की हा घाट आकाराचा घाट आहे. माती टाकून, बांध घालून, वाट 'घडवतात' म्हणून तो घाट. हे मत सुटसुटीत आहे, पण भाषेचा व्यवहार त्याला अनुकूल नाही. आकाराच्या अर्थाने घाट हा नेहमी कशाचा तरी घाट असतो, म्हणजे तांब्याचा घाट, नाकाचा घाट. 'घाटात उतरलो', 'घाट चढलो' असे त्याविषयी कोणी बोलत नाही. शर्यतीचा शौकीन मात्र 'गाडा घाटात आला', 'घाट मारला' असेच बोलतो. जी विभक्ती शब्दाला चिकटते ती त्याच्या कुळाची साक्ष असते, आणि इथली साक्ष स्थलवाचक आहे.

दुसरे मत अधिक बलवान आहे, आणि त्याचा निकाल लावताना मला पुष्कळ अडखळावे लागले. भीमा, इंद्रायणी, पवना या नद्यांच्या काठी ही गावे वसली आहेत. निमगावचा खंडोबा भीमेच्या खोऱ्यात टेकडीवर आहे, चऱ्होली आणि मोशी इंद्रायणीकाठी आहेत. उन्हाळ्यात पात्र आटते, आणि पात्रातून गावाकडे चढणारी वाट ही शर्यतीला आयतीच चढण मिळते. तेव्हा शर्यतीचा घाट हा मुळात नदीचा घाट, डोंगराशी त्याचा संबंध नाही, असे कोणी म्हटले तर त्याला सहजासहजी खोडता येत नाही. तथापि दोन गोष्टी या मताच्या आड येतात. एक तर, आमच्या बोलीत नदीकाठच्या उघड्या, न बांधलेल्या चढणीला घाट म्हणत नाहीत. ती पाणवठ्याची वाट किंवा उतार. घाट म्हटला की दगडी पायऱ्या आल्या, आणि पायऱ्यांवरून गाडा पळवणे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. दुसरे असे की नद्या काय फक्त याच टापूत आहेत? कृष्णाकाठी वाई ते सांगली उत्तमोत्तम बांधीव घाट आहेत, आणि तिथल्या लोकांनी आपल्या शर्यतीच्या जागेला घाट म्हटलेले नाही. नदी हे कारण असते तर कृष्णाकाठाने ते नाव आधी घेतले असते.

राहता राहिला डोंगर. परंतु इथे एक गंमतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सोडून पुढे जाणे मला शक्य नाही: मूळचा नदीकाठचा 'घट्ट' डोंगरात पोहोचला कसा? कोशकार बहुधा एवढेच सांगतात की दोन्हीकडे उतरण आहे म्हणून अर्थ पसरला. मला याहून निश्चित दुवा दिसतो तो जकातीचा. संस्कृतात 'घट्टकुटी' म्हणजे जकातीची चौकी. आणि शास्त्रग्रंथांत 'घट्टकुटीप्रभातन्याय' या नावाचा एक दृष्टांत आहे, ज्यात जकात चुकवण्यासाठी आडवाटेने रात्रभर भटकलेला व्यापारी पहाट होताच नेमका जकातीच्या चौकीशीच येऊन उभा राहतो. याचा अर्थ असा की घट्ट ही केवळ उतरण नव्हती. जिथून माल गेल्यावाचून राहत नाही, आणि म्हणून जिथे राजाचा मनुष्य हात पुढे करून बसलेला असतो, अशी ती अडवणुकीची जागा होती. नदीवर अशी जागा उतारापाशी असते, सह्याद्रीत ती खिंडीपाशी. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि वाटेशेजारी दगडी रांजण आहे, जो जकातीच्या नाण्यांचा म्हणून लोक दाखवतात. घाटाचे नावच नाण्यावरून पडले असे सांगतात. पुढे मराठी अमलात घाटांवर कमाविसदारांच्या चौक्या बसल्या, रहदारीचे दस्तक पाहिले जाऊ लागले, आणि माझा असा विश्वास आहे की घाटपांडे हे आडनाव त्याच वसुलीच्या लेखणीतून जन्मले. द्रुतगती महामार्गाने मुंबईकडे जाणारा मनुष्य आज उर्से येथे टोल भरतो तेव्हा तो घट्टकुटीपाशीच उभा असतो. युरोपीय लोकांनी खिंडीचे नाव उचलून सबंध पर्वताला दिले आणि सह्याद्रीला 'पश्चिम घाट' करून टाकले, ही त्याच शब्दाची सर्वज्ञात पुढची गती.

तर 'घाट' म्हणजे मालाची वाट. नुसती चढण नव्हे, ओझे घेऊन चढायची चढण. डोंगरात शिकारी, धनगर, महादेव कोळी ज्या पाऊलवाटांनी चढतात त्यांना नाळ म्हणतात, निसणी म्हणतात. त्या सगळ्याच घाट होत नाहीत. शर्यतीच्या जागेला घाट म्हणणाऱ्या पहिल्या माणसाच्या डोळ्यांपुढे नदी नव्हती, आकार नव्हता, तर भरलेली गाडी घेऊन माथ्याकडे तोंड केलेले बैल होते, असे मी म्हणतो ते या आधारावर.

इथे जाणता वाचक मला थांबवील आणि योग्य तेच विचारील, की सह्याद्रीच्या घाटांतून गाड्या केव्हापासून चढू लागल्या? प्रश्न अचूक आहे, कारण शतकानुशतके या घाटांतून गेला तो बैलांच्या पाठीवरचा माल. वंजारी-लमाणांचे तांडे गोणी लादून उतरत आणि मीठ घेऊन चढत. त्या व्यवहाराला गाडीची गरजही नव्हती आणि वाटही नव्हती. १८०४ च्या सुमारास इंग्रज सेनापती वेलस्लीने बोरघाटाची वाट तोफा जाण्याइतपत सुधारली. पण चाकाच्या गाडीला तो घाट खऱ्या अर्थाने खुला झाला नोव्हेंबर १८३० मध्ये, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. शिवाय देशावरच्या जुन्या गाड्या दगडी किंवा भरीव लाकडी चाकांच्या, अवजड अशा होत्या. त्याच दशकात गेसफर्ड या लष्करी अधिकाऱ्याने टेंभुर्णीस हलक्या गाड्यांचा कारखाना घातला तेव्हा कुठे लांब पल्ल्याची गाडी सामान्य कुणब्याच्या आवाक्यात आली. वाट आणि वाहन ही दोन्ही अशी एका दशकात सिद्ध झाली.

याचा परिणाम माझ्या मतावर काय होतो, ते मी लपवू इच्छीत नाही. चार बैलांचा, चढणीवरचा गाडा हा माझ्या हिशेबाने दोनशे वर्षांच्या अलीकडचा ठरतो. या शर्यतीला चारशे वर्षांची परंपरा आहे, ती शिवकालीन आहे, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते, आणि ज्यांना परंपरेचे वय हेच तिचे भूषण वाटते त्यांना माझा हिशेब रुचणार नाही. मी त्यांना एवढेच सांगेन की देवाला नवस बोलून बैल पळवण्याची चाल निःसंशय जुनी असली पाहिजे. नवसाचे गाडे आजही पळतात, आणि मूल झाले, दुखणे गेले, की निमगावच्या किंवा थापलिंगच्या खंडोबापुढे बारी सोडण्याची श्रद्धा शर्यतीच्या बक्षिसांहून खोल आहे. मी जिचे कुळ शोधतो आहे ती चाल नव्हे, तिचा घाट. इथे मात्र मी हा शब्द आकाराच्या अर्थाने वापरतो.

आणि आता ज्या गोष्टीमुळे मी हा सगळा प्रपंच आरंभला ती सांगतो. लोहमार्ग मुंबईकडून खोपोलीपर्यंत आला १८५६ मध्ये. पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत तो आला १८५८ मध्ये. या दोन टोकांमध्ये बोरघाट उभा होता, आणि घाटातला लोहमार्ग पुरा झाला १८६३ मध्ये. म्हणजे सुमारे पाच वर्षे अशी गेली की वर रूळ, खाली रूळ, आणि मध्ये केवळ सडक; वरच्या गाडीतून उतरलेला सगळा माल आणि सगळे उतारू घाटातून पालखीने, तट्टावरून आणि बैलगाड्यांनी खाली जात आणि खालचे वर येत. आगगाडीने आणून ओतलेला माल बैलाने चढवावा, अशी स्थिती या मुलखात पूर्वी कधी नव्हती आणि पुढे कधी आली नाही. खोपोली ते खंडाळा ही दीड-पावणेदोन हजार फुटांची चढण. जो लवकर माथा गाठील त्याला दिवसात दुसरी खेप मिळेल. तिथे वेगाला प्रथमच पैसा मिळू लागला. वंजाऱ्याच्या तांड्याला घाई नव्हती; तो बैलांना चारत चारत महिनोन्महिने चाले. रुळाच्या टोकाशी उभ्या असलेल्या गाडीवानाला मात्र आगगाडीचे वेळापत्रक होते. घाट जलद चढणे हा गुण, आणि घाट जलद चढणारा बैल ही दौलत, ही कल्पना मला त्या पाच वर्षांतच आकाराला आलेली दिसते.

१८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावली आणि त्या गाडीवानांची गरज सरली. पुढच्या जोड्या, चढणीला पक्के झालेले बैल, त्यांना एका ताळ्यात ओढायला लावणारे गडी, ही सगळी सामग्री मावळात आणि चाकण चौऱ्यांशीत, म्हणजे चाकणच्या आसपासच्या गावांत, आपापल्या ठिकाणी परतली. अशा वेळी त्या विद्येचे काय होते, याचे उदाहरण आपल्यापुढे आहे: मराठ्यांची राज्ये गेली तेव्हा दांडपट्टा आणि बोथाटी रणांगणातून उठून मर्दानी खेळ म्हणून जत्रेत आल्या. घाट चढण्याची विद्याही तशीच देवाच्या दारी आली, असे मी अनुमानतो. त्या अनुमानाला दप्तरातला कागद नाही. कालक्रम आणि साधनसामग्री यांचा मेळ आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

विरुद्ध पुरावाही मांडला पाहिजे. कोणी म्हणेल, चार बैल जुंपण्यासाठी घाट कशाला हवा? काळ्या जमिनीतला लाकडी नांगर चार, सहा, प्रसंगी आठ बैलांनी चालत असे, आणि मोठ्या मोटेलाही दोन जोड्या लागत. हे खरे आहे. पण मोटेचे बैल 'धावे'वरून ओढताना उतरतात, चढत नाहीत. आणि जड नांगर तर सोलापूर, सातारा, खानदेश सर्वत्र होता, तरी तिकडच्या शर्यतीत दुसरी जोडी आली नाही. जी गोष्ट सर्वत्र होती ती एकाच टापूतल्या वैशिष्ट्याचे कारण होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप साताऱ्याचा: वाई-महाबळेश्वराच्या पलीकडेही घाट आहेत, मग तिथे असा गाडा का नाही? याचे उत्तर मी असे देतो की महाबळेश्वराहून महाडकडे उतरणारा गाडीरस्ता, ज्याला गव्हर्नर फिट्झगेराल्डचे नाव मिळाले, तो बोरघाटानंतर चाळीसेक वर्षांनी झाला; आणि रुळांची दोन टोके आणि मध्ये तुटलेला घाट, ही स्थिती तिथे कधीच नव्हती. तिसरा आक्षेप मला अधिक टोचतो. या शर्यतीचे खरे माहेर जुन्नर-आंबेगाव-खेड, आणि बोरघाट तर मावळात. मी त्याला उत्तर म्हणून जुन्नर ते चाकण आणि चाकणहून तळेगावमार्गे खंडाळा या मालाच्या वाटेकडे बोट दाखवतो. पुणे-नाशिक सडकेवरचा खेड घाट आणि संगमनेराजवळचा चंदनापुरीचा घाटही दाखवतो, कारण त्या सडकेवर गाडी हाकणाऱ्याला जादा जोडीचा अनुभव मावळाबाहेरही येत असे.

बैलाच्या जातीचा प्रश्न मात्र मला पुरता सोडवता आलेला नाही. घाटाच्या पावसाळी मुलखाचा बैल म्हणजे डांगी, कणखर खुराचा, संथ. शर्यतीचा बैल म्हणजे खिल्लार, माणदेशाच्या कोरड्या रानातला, चपळ आणि तापट. गाडा डोंगराचा आणि बैल पठाराचा, असे हे जोडकाम आहे. कदाचित ओझे सुटल्यावर बळापेक्षा चपळाई महाग झाली आणि बाजाराने बैल बदलला; गाड्याची रचना मात्र बदलली नाही, कारण ती देवाच्या नावाशी बांधली गेली होती.

घोडीविषयी माझे मत याहून धीट आहे. बैल जनावरामागे धावतात म्हणून पुढे घोडी, हे साधे स्पष्टीकरण सगळे देतात आणि ते खोटे नाही. परंतु गाड्यावर हाकणारा बसवला असता तर घोडीची गरजच पडली नसती. जुन्या कागदांत घाटवाटेने जाणाऱ्या मालाबरोबर 'बदरका' दिल्याचे उल्लेख येतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ वाट दाखवणारा आणि राखणारा सोबती. मालाच्या पुढे एक घोडेस्वार, मागे बैल, हे दृश्य या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. शर्यतीतल्या घोडीवरचा स्वार मला त्या बदरक्याचा शेवटचा प्रतिनिधी वाटतो.

यात्रा उन्हाळ्यातच का, याला फार लिहिण्याची आवश्यकता नाही: रब्बी खळ्यात आलेली, पाऊस दूर, बैल मोकळा. पण घाटाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदली पाहिजे, की गाडीवानाचा हंगामही हाच होता. पावसाळ्यात घाटातली वाहतूक मंदावे आणि तिचा भर होळीपासून मृगापर्यंतच्या कोरड्या दिवसांत असे. आजही या दिवसांत घाट चढणारी माणसे आहेत. मुंबईचे डबेवाले बहुतांशी याच मावळ-खेड-जुन्नरचे. दर वर्षी चैत्रात ते पाच-सहा दिवस डबे बंद ठेवून ग्रामदैवताच्या यात्रेला येतात, आणि तेवढे दिवस मुंबईची कचेरी घरच्या जेवणाला मुकते. नारायणगावास पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात, आणि कोणत्या गावाची यात्रा कोणत्या तिथीला हे पंचांगाहून त्या राहुट्यांत अधिक अचूक कळते. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड चैत्री पौर्णिमेला निघते. त्याचे लाकूड मुळशीच्या डोंगरी रानातून येते आणि संगणकाच्या कंपन्यांच्या रस्त्यांवरून वाट काढत वाकडास पोहोचते. देवाची सामग्री डोंगरातून खाली येते आणि देवापुढचा गाडा चढण चढतो, हे दोन्ही एकाच ऋतूत घडते.

पिंपरीस १९५४ मध्ये पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे गायराने, माळ आणि कित्येक ठिकाणी शेतेही कारखान्यांत गेली. बैलाचे शेतातले काम ट्रॅक्टरने घेतले. तेव्हा केवळ शर्यतीसाठी बैल पाळणारे लोक चाकण-भोसरीस दिसू लागले, आणि त्यांपैकी कित्येकांच्या घरी बैलाच्या खुराकाचा खर्च जमिनीच्या मोबदल्यातून किंवा कारखान्याच्या ठेक्यातून निघतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनावरांच्या छळाच्या मुद्द्यावर शर्यती बंद केल्या; १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली; आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलाची शेपटी पिरगळण्याचे, पराणी टोचण्याचे, विजेचा धक्का देण्याचे जे प्रकार त्या खटल्यात पुढे आले ते निंद्यच होते, आणि त्यांवर घातलेल्या अटी काटेकोरपणे पाळल्या जाव्यात, असे या गाड्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने आग्रहाने म्हटले पाहिजे. घाट चढवून आणलेल्या बैलाला गाडीवान आधी पाणी दाखवीत असे आणि मग स्वतः पीत असे.

परवानगीनंतर मे २०२२ मध्ये चिखलीस जी मोठी शर्यत भरली तिच्यात जेसीबी यंत्र आणि बोलेरो मोटार अशी बक्षिसे होती. चाकणच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या वाहनाचा नमुना किती चढाची वाट भरलेल्या अवस्थेत चढते, हे बाजारात येण्यापूर्वी मोजून पाहतात आणि तो आकडा त्याच्या कागदांवर लिहितात. तिथून काही मैलांवर, वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, गावोगावच्या घाटांवर रिकामे गाडे तेच मोजमाप सेकंदांत देत असतात, आणि दर गाड्याला जुकाटाची एक आणि कांड्याची एक, अशा दोन जोड्या जुंपलेल्या असतात.